पाट काढल्यावर

"मग अजून पुरावा हवाय तरी कसला, बाई?"

निनादने कागद टेबलावर जवळजवळ आपटलेच.

हिर्लेकरबाईंनी ते उचलले नाहीत. सत्तरी ओलांडली तरी बाई मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत रोज येत. निनाद लोखंडे हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी. हुशार, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

"तोंडी सांग," त्या म्हणाल्या.

"अल्झायमर झालेले उंदीर. हौदात सोडले की पाण्याखाली दडवलेला पाट त्यांना सापडत नाही. कालचा रस्ता आज आठवत नाही, भिरभिरत राहतात. बारापैकी सहांना मी थायरॉइडचं हार्मोन दिलं. आता निम्म्या वेळात पाटावर चढतात. स्मृती परत आली, बाई!"

"की नुसता वेग आला?"

निनाद थबकला.

"थायरॉइडने अंग तापतं, पाय भराभर चालतात. भराभर पोहणारा कधी ना कधी पाटाला धडकणारच… त्याला आठवलं, हे तुला कसं कळलं?"

निनादने कागद पुन्हा चाळले.

"पाट काढून टाक."

"काढला तर ते पोहोचणार कुठे?"

"तेच बघायचंय. ज्याला खरंच आठवतंय, तो रिकाम्या जागीही पाट शोधत राहील."

"ती चाचणी माहीत आहे मला. वेळ नव्हता म्हणून गाळली."

"वेळ?"

तो खिडकीकडे वळला. मग हळूच म्हणाला, "आई कराडला असते. गेल्या रविवारी मलाच विचारलं तिनं, कुणाकडं आलाय तुम्ही?… हे खोटं निघालं तर माझ्याकडे दुसरं काहीच नाही, बाई."

बाई उठल्या. त्याला बाहेर पाठवलं. बाराही पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या, प्रत्येकीमागे एकेक आकडा लिहून पर्समध्ये टाकल्या, पिंजऱ्यांवर नुसते ते आकडे चिकटवले, त्यांची उलटापालट केली. औषधाचे कोणते, बिनऔषधाचे कोणते, ते आता एकट्या त्यांनाच माहीत होतं.

"ये. सोड पहिला."

हौदात पाट नव्हता.

पहिला उंदीर काठाकाठाने भटकत राहिला. दुसराही. निनादचा चेहरा उतरला.

तिसरा सरळ निघाला. पाटाच्या जागेवर आला. तिथे काहीच नव्हतं… तो वळला, पुन्हा तिथेच आला. पुन्हा वळला. पुन्हा तिथेच.

निनाद घड्याळ बघायचंच विसरला.

दुपार सरेपर्यंत बाराही झाले. सात हौदभर भटकले. पाचांनी ती रिकामी जागा सोडली नाही.

बाईंनी चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. आकडे जुळवले. एकदा, मग पुन्हा एकदा.

पाचही औषधाचे होते.

"अरे, आठवतंय त्यांना!" बाई ओरडल्याच. टाळ्या वाजवू लागल्या, लहान मुलीसारख्या. तीस वर्षांत त्या खोलीने असलं काही ऐकलं नव्हतं.

निनाद हसत होता, डोळे पुसत होता. पाया पडायला वाकला तर बाईंनी त्याला वरच्यावर धरून मिठी मारली.

जरा वेळाने त्याने पुन्हा चिठ्ठ्यांकडे पाहिलं.

"औषधाचे सहा होते, बाई. एक भटकलाच… हे चार लोकांपुढे मांडताना त्याचं काय करू?"

बाईंनी डोळे टिपले.

"त्याच्यापासून सुरुवात कर."