बिरूची बाजू

एकदा एक वस्ताद आपल्याच तालमीचा अर्धा हौदा पडीक टाकून बसले. पंच्याहत्तरी उलटलेली, पंचक्रोशीत शब्दाला मान, आणि असा माणूस तालमीच्या मातीला खोरे लावायला बंदी करतो! गावाने तोंडात बोटे घातली. खरे सांगायचे तर ही हकिगत प्रथम ऐकली तेव्हा मलासुद्धा वस्तादांचा रागच आला होता.

ज्यांनी तालमीत कधी पाऊल टाकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. हौदा म्हणजे कुस्तीची जागा. खोलगट चौकोन, त्यात भरलेली तांबडी माती, आणि त्या मातीत मुरवलेले ताक, तेल, हळद, लिंबाचा रस. ही माती रोज पहाटे पाणी शिंपडून, खोऱ्याने उकरून भुसभुशीत करावी लागते. आठवडाभर हयगय झाली की ती घट्ट बसते आणि तिच्यावर पडलेल्या पोराची पाठ शेकून निघते. म्हणून तालमीत जोर-बैठका नंतर, आधी माती.

या तालमीत माती उकरण्याचा मान सर्वांत जुन्या जोडीचा. जोड म्हणजे रोज एकमेकांशीच लढत करणारे दोन गडी. त्या काळी ती जोड सर्जेराव आणि बिरू यांची होती. दृष्टांतात नावे नसतात, एक शिष्य आणि दुसरा शिष्य एवढ्यावर भागते, हे मला ठाऊक आहे. पण या दोघांना तसे म्हणवत नाही. दोघांनी एकाच दिवशी लंगोट बांधला होता. एकाने पूर्वेच्या भिंतीपासून उकरत यायचे, दुसऱ्याने पश्चिमेच्या, आणि मधोमध खोऱ्याला खोरे लागले की काम संपले. बारा वर्षे हेच चालले होते. बिरू तोंडाचा फटकळ. "अरं, माती उकरतोयास का तिची पाठ खाजवतोयास?" असे त्याने म्हटल्याशिवाय उजाडत नसे. सर्जेराव अबोल, तो नुसता हसायचा.

दिवाळीच्या सुमारास लढत चालू असता सर्जेरावाने बिरूचा एकेरी पट काढला. म्हणजे वाकून त्याचा एक पाय धरला आणि ओढला. हजार वेळा काढलेला पट. त्या दिवशी बिरूचे पाऊल मातीत रुतून राहिले, गुडघा मात्र फिरला. हाडवैद्य झाला, मग जिल्ह्याचे डॉक्टर झाले. चालता येईल, असे त्यांनी सांगितले. कुस्ती विसरा, असेही सांगितले. दोष कोणाचाच नव्हता. बिरूच्या घरच्यांनी कधी कोणाला दोष दिलाही नाही.

सर्जेराव तिसऱ्या दिवशी भेटायला गेला. बिरू भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो वळला नाही. सर्जेराव घटकाभर उभा राहिला, "येतो" म्हणाला आणि परत फिरला. पुढे पाच महिने त्याचे पाऊल त्या गल्लीत पडले नाही. भीती नव्हती ती, लाज होती. आणि लाजेच्या आत नुसती ओढ होती. पहाटे समोरच्या भिंतीकडून खोऱ्याचा आवाज येत नाही, कोणी शिव्या देत नाही, दुसऱ्याशी लढताना हात चुकीच्या जागी पडतात. बिरूच्या खांद्याची उंची त्या हातांना इतकी पाठ झालेली होती. रात्री तो अर्ध्या भाकरीवर उठायचा. आई विचारायची, तो तिखटाचे नाव सांगायचा.

मग त्याने एक केले. आपली बाजू उकरून झाली की तो पलीकडे जायचा आणि बिरूचीही बाजू उकरायचा. स्वतःच्या बाजूपेक्षा जास्त मन लावून, खडान्‌खडा वेचून. कोणी मदतीला आले तर हातही लावू द्यायचा नाही. गावाला त्याचे कौतुक वाटले. जोड असावी तर अशी, असे लोक पारावर बोलू लागले. पोरे त्याच्याकडे पाहून डोळे पुसत, आणि मला वाटते सर्जेरावालाही त्यात थोडे बरे वाटत असावे.

फाल्गुनातल्या एका पहाटे तो आपली अर्धी माती संपवून मधोमध आला आणि पलीकडे पाऊल टाकणार, तोच वस्तादांनी त्याच्या हातातले खोरे काढून घेतले.

"तुझी झाली. भाईर ये."

"वस्ताद, बिरूची ऱ्हायलीया."

"ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कारण विचारायची तालमीत पद्धत नव्हती. आठ दिवसांत ती बाजू टणक झाली, पंधरा दिवसांत तिला भेगा पडल्या. अठरा पोरे अर्ध्या हौद्यात दाटीवाटीने लढू लागली. एकाचे डोके दुसऱ्याच्या पाठीत, दुसऱ्याचा कोपर तिसऱ्याच्या नाकावर. वर चैत्रातल्या यात्रेतले कुस्त्यांचे मैदान महिन्यावर आलेले, गावाच्या नावाचा प्रश्न. चार जाणती माणसे वस्तादांकडे आली. "वस्ताद, काय इचार हाय तुमचा? पोरांनी मैदान कसं मारायचं?" वस्ताद म्हणाले, "बघू," आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावले. परत जाताना त्यांनी आपसांत ठरवून टाकले की म्हातारा आता थकला.

सर्जेरावाला मात्र राहवेना. ती भेगाळलेली माती पाहिली की कोणी बिरूलाच तिथे उघडा टाकून दिलाय, असे त्याला वाटे. एका दुपारी, तालीम रिकामी असताना, तो आत शिरला आणि घामाच्या धारा लागेपर्यंत त्याने ती बाजू पुरती उकरून काढली. संध्याकाळी वस्ताद आले. त्यांनी माती पाहिली. कोपऱ्यातली घागर उचलली, चार खेपा करून त्या बाजूवर पाणी ओतले, धोतर वर खोचले आणि अनवाणी पायांनी ती माती तुडवायला सुरुवात केली. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, भिंतीचा आधार घेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पोरे बघत राहिली. सर्जेराव दारात उभा होता, त्याचा बांध फुटला.

"माझ्यावर राग आसंल तर मला हाणा, वस्ताद! त्या मातीवर कशापायी काढताय? आदीच त्याचं सगळं गेलं माझ्या हातनं. तेवढी एक जागा मी नीट राखत हुतो, ती बी तुमी मोडली!"

वस्तादांनी पोरांना बाहेर जायला खुणावले. स्वतः हौद्याच्या काठावर बसले, धाप निवेपर्यंत थांबले, मग सर्जेरावाला शेजारी बसवून घेतले.

"राखत न्हवतास लेका, बुजवत हुतास," ते म्हणाले. "गप बस आन ऐक. त्यो पडल्यापासनं मी चारदा त्येच्या घरी गेलो. दर बारीला सांगितलं, आराम कर. गावात जो जाईल त्यो त्येला ह्येच सांगतोय. आराम कर, काळजी करू नगंस, तुझं सगळं आमी बघतोय. चौथ्या बारीला त्यानं मला इचारलं, 'वस्ताद, माझी बाजू कोण उकरतंय?' मी म्हनलं, 'सर्जा उकरतोय, तुझ्यापरीस झ्याक.' मला वाटलं, पोराला बरं वाटंल. तर त्येचं त्वांड असं उतरलं, सर्जा, का पाय मोडला तवा बी उतरलं नसंल. घरी आल्यावर मला उमगलं, मी काय बोलून आलो ते. बारा वर्सं ज्यानं माती उकरली, त्येला मी सांगून आलो, का तुझ्यावाचून आमचं कायबी अडलं न्हाई."

वस्तादांनी पायाला चिकटलेला चिखल बोटाने निपटला.

"तू बी परेमानंच केलंस, मी बी परेमानंच बोललो. पर जो गडी घरात बसलाय, त्येचं सगळं काम दुसऱ्यानं उरकलं, तर त्यानं उठायचं कशासाटी? म्हनून म्हनलं, पडू दे माती. होऊ दे दगड. गावाला तरास झाला तरी चालंल. त्येची जागा रिकामी दिसली पायजे, आन ती रिकामी हाय म्हनून कुनाचं तरी अडलं पायजे."

"मग तुमी जाऊन सांगितलं का न्हाई त्येला?"

"मी सांगितलं तर हुकूम हुईल. येईल बी, मान राखाया. पर त्येची जोड मी न्हवं." वस्ताद उठले. "पंदरा दिस झालं, मी तुझीच वाट बघतोय."

सर्जेराव त्याच संध्याकाळी गेला. वाटेत त्याने क्षमेची पुष्कळ वाक्ये जुळवली, आणि उंबऱ्याशी पोहोचेपर्यंत ती सगळी विसरला. बिरू ओट्यावर पाय लांब करून लोकर विंचरत बसला होता. अंगाने उतरला होता. त्याची आई आतून आली, "ये रं लेकरा" म्हणाली, आणि दोघांकडे आळीपाळीने पाहून पाण्याचे निमित्त करून पुन्हा आत गेली.

"तुझी बाजू दगुड झालीया," सर्जेराव एकदम म्हणाला.

बिरूचे हात थांबले. "का? तू उकरत हुतास न्हवं?"

"आता न्हाई उकरत. पंदरा दिस झालं. भेगा पडल्यात. आठरा पोरं माझ्याच बाजूला कोंबलीत आन मैदान म्हैन्यावर आलंय."

"पंदरा दिस! पानी तरी मारलंसा का न्हाई वरनं?"

"वस्तादांनी मारलं. वर तुडवली."

"तुडवली?" बिरूने लोकर बाजूला टाकली. "ओली माती तुडवली? अरं, तुमी मानसं हाय का कोन! आता ती फुटायची कशी? वरनं ताक सोडाय लागंल, दोन दिस मुरू द्याय लागंल, मग कुटं कडंकडंनं खोरं शिरंल. आन तू बघत बसलास? बारा वर्सं काय शिकलास माझ्यासंगं, नुसती पाठ खाजवाया?"

ही शिवी ऐकण्यासाठी सर्जेराव पाच महिने झुरत होता. त्याला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही. "मला न्हाई जमायची ती, बिरू," तो म्हणाला. "ती तुझीच हाय."

बिरूने बाजूला टाकलेली लोकर गोळा केली. मग हळूच म्हणाला, "लई दिस लावलंस यायला."

"तू भित्तीकडं त्वांड केलं हुतंस."

"तवा केलं हुतं. मागनं रोज दाराकडंच करून बसलो की."

तिसऱ्या पहाटे बिरू काठी टेकत तालमीत आला. ताक त्याने त्या रात्रीच निरोप धाडून सोडायला लावले होते. दुखरा पाय लांब पसरून तो पश्चिमेच्या भिंतीशी मातीत बसला, आणि बसल्या बसल्या त्याने खोरे टाकले. खोरे उडाले. पुन्हा टाकले. घामाने भिजला, दोनदा थांबला, गुडघा दाबून धरला. पूर्वेची बाजू संपवून सर्जेराव नेहमीप्रमाणे मधोमध येऊन उभा राहिला. पलीकडची वीतभर मातीही अजून फुटलेली नव्हती. दहा खोऱ्यांचे काम, त्याच्या मनात आले, दहा खोरी मारली तर किती हलके होईल याला. त्याचे दंड शिवशिवू लागले.

वस्ताद काठावर बसले होते. सर्जेराव त्यांच्यापाशी गेला आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असे म्हणाला, "वस्ताद, त्यो पुन्ना लढायचा न्हाई न्हवं? कवाच?"

"न्हाई," वस्ताद म्हणाले.

"मग माझं हे आत तुटतंय, ते बी न्हाई थांबायचं."

"न्हाई थांबायचं. कशाला थांबाया पायजे?"

सर्जेरावाने खोरे भिंतीला टेकवून ठेवले. बारा वर्षांत त्याने असंख्य डाव शिकले होते, अंगात बळ मुरवले होते. पण बळ असून ते न वापरता बसणे त्याला कोणी शिकवले नव्हते. तो हौद्याच्या मधोमध मातीत खाली बसला, हात मांडीवर ठेवले आणि बिरूच्या खोऱ्याकडे पाहत राहिला. जोर-बैठका सुरू झाल्या, संपल्या. पोरे लढली, अंग पुसून घरी गेली. उन्हाचा कवडसा आत आला. त्या दिवशी बिरूची माती हातभर उकरून झाली.

पश्चिमेची बाजू मधोमध येऊन भिडायला एकोणतीस दिवस लागले, आणि ते एकोणतीसही दिवस सर्जेराव तिथे बसून होता. चैत्राचे मैदान त्या अवधीत येऊन गेले. गावाची पोरे तीन कुस्त्या हरली. वस्तादांना त्याबद्दल कोणी विचारले की ते म्हणत, "हरली खरी."

आपल्या घरी, आपल्या माणसांत, कोणाची बाजू आपण मायेपोटी आपल्या हाताने उरकून टाकत आहोत, ते आज एकदा पाहावे; आणि सापडली तर खोरे खाली ठेवून त्याला हाक मारायला जावे.