ओल्या पायांचे आडनाव

एका राज्यात दर तिसऱ्या घराला एकच आडनाव आहे: तुडवे. कुंभारआळीत जा, चाकावर बसलेला तुडवे. पागेत जा, घोड्याला खरारा करणारा तुडवे. पाठशाळेत गुरुजींनी 'तुडवे, उभा राहा' म्हटले की निम्मा वर्ग उभा राहतो. आणखी एका दारावर ते आडनाव आहे, पण ते दार मी शेवटी दाखवीन. आत्ताच दाखवले तर तुम्ही उठून जाल.

राज्य डोंगरमाथ्यावरचे. तिथे वारा बाराही महिने वाहतो आणि माणसे लोकरीवर जगतात. मेंढपाळ लोकर कातरी, साळी ती विणी. पण नुसते विणलेले लोकरीचे कापड म्हणजे गाळणी! वारा त्यातून खुशाल आरपार जातो. म्हणून गावाबाहेर दगडी हौद होते. त्यांत कोमट पाणी, रिठ्याचा फेस आणि मुरवलेले शिळे गोमूत्र घालून त्यात कापड बुडवीत, आणि काही बायाबाप्ये अनवाणी उभे राहून ते दिवसचे दिवस तुडवीत. तुडवता तुडवता धागा धाग्याला बिलगे, कापड आटे, दाट होई, आणि मग त्यात ऊब राही.

वासाबद्दल काय सांगू! तुडवणाऱ्यांनी तुडवलेले घोंगडे लोक गळ्यापर्यंत ओढून घेत, आणि तोच तुडवणारा समोर आला की नाकाला पदर लावीत. राजाचा चिटणीस दरवर्षी नावांची वही घेऊन निघे. मेंढपाळांना त्याने मेंढके लिहिले, विणणाऱ्यांना साळवी, रंगवणाऱ्यांना रंगारी. हौदापाशी आला की तो नाक दाबून पान उलटी. मला त्या चिटणीसाचा अजून राग येतो.

मग धवलसेन नावाचा राजा गादीवर बसला. त्याला एकच मुलगी होती, सात वर्षांची नीलाक्षी. राज्याभिषेकाचे महावस्त्र आले, राजाने ते खांद्यावर घेतले, आणि प्रधान ओरडला, "महाराज, घात झाला! वस्त्राच्या कोपऱ्यावर टाचेचा ठसा आहे!"

त्या राज्यातही आपल्यासारखेच होते. धान्याला, पोथीला, माणसाला चुकून पाय लागला तर लोक वाकून नमस्कार करीत. आणि इथे तर राजवस्त्र! ते तुडवणारा कोयाजी दरबारात उभा करण्यात आला.

"या वस्त्राला पाय लावलास?" राजाने विचारले.

"चाळीस वर्षं लावतोय, महाराज. पाय लागल्यावाचून ऊब लागत नाही."

"ऊब आम्ही हुकमाने आणू. आजपासून राज्यात कापडावर कुणी पाय ठेवायचा नाही. हौद फोडून टाका."

आता हा कोयाजी साधा माणूस नव्हता. चाळीस वर्षे एका लयीत पावले टाकून त्याच्या पावलांत मंत्र उतरला होता. तो एवढेच म्हणाला, "पायांनी दिलं ते पाय परत घेऊन जातात. आजपासून या राज्यातल्या एकाही कापडात ऊब राहणार नाही, आणि माझे पाय या मातीला लागणार नाहीत." बोलता बोलता त्याची टिटवी झाली. छोटी नीलाक्षी तिला थांबवायला अनवाणीच अंगणात धावली, पण टिटवी शिखराकडे उडाली.

आणि राज्यातले एकूण एक कापड सैल झाले. शालींतून ऊन दिसू लागले, गोधड्यांतून वारा. ज्या फरशीवरून टिटवी उडाली तिला नीलाक्षीचे पाय लागले होते, म्हणून हिम आधी तिच्या पावलांवर चढले. मग घोट्यांवर. मग गुडघ्यांवर. वैद्यांनी शेगड्या लावल्या, निखारे विझले. एक म्हातारा वैद्य म्हणाला, "महाराज, हिम काळजाला पोचलं की संपलं."

राजा एकटा शिखरावर गेला. टिटवी उताणी पडून होती, दोन्ही पाय आभाळाकडे. राजा हात जोडून म्हणाला, "माझी लेक वाचव."

"तीन गोष्टी लागतील," टिटवी म्हणाली. "उन्हाच्या मेंढ्याची लोकर. न गोठणाऱ्या झऱ्याचं पाणी. तिसरी गोष्ट तुझ्याच राज्यात आहे. विचारलीस तर कुणीतरी सांगेल."

उन्हाचा मेंढा पूर्वेच्या कड्यावर चरत असे आणि त्याची लोकर उन्हाचीच होती. राजाने ती हातांनी उपटली, तळवे करपले, तरी त्याने मूठ सोडली नाही.

न गोठणाऱ्या झऱ्यावर एक नागीण वेटोळे घालून होती. ती म्हणाली, "पाणी ने. पण तुझी बिरुदं इथे ठेव." राजाला अकरा बिरुदे होती. शत्रुमर्दन म्हटले, एक दगड पडला. गिरिपती म्हटले, दुसरा पडला. अकरा दगड पडले, आणि राजा नुसता धवलसेन होऊन पाण्याचा घडा घेऊन परतला. ते दगड अजून तिथे आहेत.

साळ्यांनी त्या लोकरीचे वस्त्र विणले. त्याच्या उजेडाने दरबारातल्या समया फिक्या पडल्या. राजाने ते स्वतःच्या हाताने नीलाक्षीला पांघरले. वारा आला आणि त्यातून आरपार गेला. हिम मुलीच्या बरगडीला पोचले.

"सूर्य डोक्यावर येईपर्यंतच," वैद्य म्हणाला.

राजाला टिटवीचे शब्द आठवले. त्याने गर्दीकडे वळून विचारले, "काय राहिलं? सांगा कुणीतरी!"

सगळ्यांच्या मागे, आपला वास कुणाला जाऊ नये म्हणून सवयीने वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एक म्हातारी उभी होती. कोयाजीची बायको भिवरा. ती म्हणाली, "म्हाराज, हे नुसतं इनलंय. तुडवायचं राह्यलंय."

प्रधान पुटपुटला, "उन्हाच्या वस्त्रावर पाय?"

"तू तुडव, बाई," राजा म्हणाला.

"तुडवीन की. पण येवढ्या कापडाला मला एकलीला दोन म्हैने लागतील. आमची मान्सं तुमी हौद फोडल्यावर देशोधडीला लागली. लेकीकडं दोन म्हैने हायेत का?"

हौद उरला नव्हता. राजवाड्याच्या अंगणातले कमळांचे टाके उपसले, त्यात झऱ्याचे पाणी ओतले. ते घडाभरच होते, तरी टाके भरले. गोठ्यातून मुरवलेल्या गोमूत्राच्या घागरी आल्या, आणि तो वास राजवाड्यात पहिल्यांदाच शिरला. लोक नाके दाबून मागे सरकले. भिवरा एकटी उतरली आणि पावले टाकू लागली.

धवलसेनाने जोडे काढले. घाबरला होता तो, हे मी लपवणार नाही. उन्हाच्या वस्त्रावर पाय ठेवताना त्याने आधी वाकून वस्त्राला नमस्कार केला, मग पाय ठेवला. "कसं टाकू पाऊल?"

"टाच आधी. घाई न्हाई. डावा. उजवा."

राजा तुडवतो म्हटल्यावर पागेतला मोतद्दार उतरला. कुंभार उतरला, त्याची बायको उतरली. शिपाई भाले टाकून उतरले. साळी, मेंढपाळ, रंगारी, गुरुजी आणि शेवटी धोतराचा सोगा वर धरून प्रधानही उतरला. माणसे वाढली तसे टाके रुंदावत गेले. त्याच्या भिंती मागे मागे सरकल्या, आणि कुणाला त्याचे नवल वाटायला सवड नव्हती. डावा. उजवा. हजारो पायांचा एक आवाज झाला. शिखरावर टिटवी उठून बसली.

भिवराने वस्त्राचा कोपरा उचलला, त्याचा द्रोण करून त्यात ओंजळभर पाणी ओतले. सगळे वाकून पाहू लागले. एक थेंबही खाली पडला नाही.

"झालं," ती म्हणाली.

वस्त्र ओलेच नीलाक्षीला गुंडाळले. वारा आला, वस्त्राशी थबकला आणि माघारी वळला. हिम बरगडीवरून उतरले, गुडघ्यांवरून उतरले, पावलांवरून पाणी होऊन फरशीवर वाहिले. मुलीने डोळे उघडले. धवलसेन तिला छातीशी धरून सगळ्यांसमोर रडला. त्याच घटकेला घराघरांतल्या गोधड्या दाट झाल्या. टिटवी अंगणात उतरली, तिने दोन्ही पाय जमिनीला टेकले, आणि तिथे कोयाजी उभा होता. भिवराने त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाली, "वाळलास रे."

राजाने कोयाजीच्या पायांवर डोके ठेवले. "तुम्हाला काय म्हणतात? आडनाव काय तुमचं?"

"कुणी इचारलं न्हाई कधी," कोयाजी म्हणाला.

"आज विचारतो आहे. तुम्ही तुडवे. चिटणीस, लिहा."

चिटणीसाने वही उघडली आणि समोरचा जनसमुदाय पाहून गांगरला. "महाराज, आता कुणाकुणाला लिहू?"

"ज्याचे पाय ओले आहेत, त्याला."

चिटणीसाने खाली पाहिले. गर्दीत तोही केव्हा उतरला होता, त्याचे त्यालाच कळले नव्हते. त्याने निमूटपणे पहिल्या ओळीत कोयाजी आणि भिवरा लिहिले, दुसऱ्या ओळीत स्वतःला, आणि मग तीन दिवस तो मान वर न करता लिहीत होता.

पण तिसरी ओळ कुणाची, ते सांगायचे राहिले. पहिल्या दोन ओळी लिहून होतात तोच वस्त्रातून एक बारीक आवाज आला.

"माझे पण ओले आहेत," नीलाक्षी म्हणाली आणि तिने पावले बाहेर काढली. वितळल्या हिमाचे पाणी त्यांवरून अजून ठिबकत होते.

म्हणून त्या राज्यात राजवाड्याच्या दारावर तेच नाव आहे, जे कुंभाराच्या दारावर आहे. गादीवर बसणारा आधी हौदात उतरतो आणि आपले महावस्त्र आपल्या पायांनी तुडवतो. टाचेचा ठसा कोपऱ्यावर तसाच ठेवतात.

सांगणाऱ्याचे तोंड थकले. ऐकणाऱ्यांची पांघरुणे दाट राहोत.