'बसा' कुठं म्हटलंय?

बार्शीच्या शेटेअण्णांचं साड्यांचं दुकान मोठं आणि तोरा त्याहून मोठा. साड्या दाखवणाऱ्या बायका तिथं दिवसभर उभ्या असायच्या. अशात नवा कायदा आला, की दुकानदारानं कामगारांसाठी स्टुलं ठेवावीत. अण्णांनी ती आणली खरी, पण कामावरची सुगंधा जरा टेकली तसे ते कडाडले, "ऊठ! कायदा 'स्टूल ठेवा' म्हणतो. 'बसा' कुठं म्हणतो?"

सुगंधा ठणकत्या पायांनी उठली.

दुसऱ्या दिवशी लग्नाचा बस्ता बांधायला भलंमोठं वऱ्हाड आलं. सुगंधा आणि तिच्या मैत्रिणी हाताची घडी घालून नुसत्या उभ्या!

"अगं, बघताय काय?" अण्णा ओरडले.

सुगंधाला नोकरी जाईल ही भीती होतीच. तरी ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही रोज 'दुकानात हजर राहा' म्हणता. आम्ही हजर आहोत. 'साड्या दाखवा' कुठं म्हणता?"

"मग आत्ता म्हणतो! दाखवा साड्या!"

"मग त्याच दमात 'बसा'पण म्हणा की!"

नवरीची आजी खो खो हसली. "म्हणा हो शेठ, नाहीतर आम्ही निघालो!"

अण्णांनी घाईघाईनं स्वतःच स्टूल पुढं ओढलं. "बसा बाई, बसा!"

सुगंधानं ऐटीत बसून पहिली पैठणी उलगडली.