दलदलीचे पोट

ही गोष्ट शपथेवर खरी आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिली त्यानेच मला सांगितली. तो माझ्या जन्माच्या कितीतरी शतके आधी वारला होता, पण ते राहू द्या.

फार पूर्वी कर्दमपुरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या गजशाळेत हत्ती होऊन जन्मला होता. सोमक त्याचा माहूत. राजाला नगरापासून नदीपर्यंत रस्ता हवा होता आणि मध्ये पसरली होती दलदल. गाड्या भरभरून दगड ओतावेत, सकाळी पाहावे तर वर नुसते बेडूक!

राजपुरोहित म्हणाला, "महाराज, भूमी भुकेली आहे. माणूस मागते."

तिथली रीतच तशी होती, पाया खचला की बळी. लव्हाळे कापून पोट भरणाऱ्या पद्माच्या मागे विचारणारे कोणी नव्हते, म्हणून तिलाच खड्ड्यात उतरवले. वर माती लोटायची आणि ती हत्तीने तुडवायची.

पद्मा खालून म्हणाली, "सोमकदादा, एकदाच काय ते होऊ दे हो. रेंगाळू नको."

सोमकाने अंकुश उचललाच नाही.

"हाक त्याला!" राजा ओरडला. "नाहीतर तिच्याशेजारी तुलाही जागा आहे."

सोमकाने डोळे मिटून टाच मारली. हत्ती काठाशी गेला आणि तिथेच थांबला. काही केल्या हलेना. मग तो बोलला, "सोमका, भूमी भुकेली नाही. पाण्याने तिचे पोट फुगले आहे. फुगल्या पोटी कोणी घास भरवतो का? आधी पाण्याला वाट द्या."

सोमक खाली उतरला. अंकुश राजाच्या पायाशी ठेवून म्हणाला, "उन्हाळाभर मुदत द्या, महाराज. रस्ता खचला तर खड्ड्यात मी."

पद्माला वर काढले. नदीकडे चर खणून त्यांत वाळू भरली. पद्माने लव्हाळ्यांच्या मोळ्या आडव्या-उभ्या अंथरल्या, त्यांवर माती चढली आणि हत्ती रोज तीवरून संथ फेऱ्या घालू लागला. माती बसे, पाणी निथळे, पुन्हा माती.

पुरोहित येताजाता विचारी, "बुडाला का रे रस्ता?"

"अजून नाही. आपण जरा मधोमध उभे राहून पाहता का?" सोमक म्हणे. पुरोहित काठावरूनच परते.

पावसाळा सरला. राजाचा रथ नदीपर्यंत गेला. चाक कुठे रुतले नाही. राजाने उतरून टाचेने जमीन दाबून पाहिली. बाजूला उभ्या पद्माकडे मात्र त्याला मान वर करून पाहवले नाही. बळीची रीत त्या दिवशी बंद झाली.

इतके सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तो पुरोहित म्हणजे आजचा माझा वैरी देवदत्त, सोमक म्हणजे माझा शिष्य आनंद आणि तो हत्ती मीच." बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला नेलेल्या या गुणाचे, या पारमितेचे, नाव क्षांती, म्हणजे सहनशीलता.

आता माझी सुरुवातीची शपथ मोडून कबूल करतो. हत्ती बोलला, हे मी पदरचे घातले. तो नुसता उभा राहिला. त्याच्या भाराने पावलांभोवती पाणी वर आले आणि गाड्यांच्या चाकोरीतून नदीकडे वाहू लागले. टाच मारून झाल्यावर सोमकाने डोळे उघडले होते, एवढेच.