केसभर फट

फार वर्षांमागची गोष्ट. दगडू मिस्त्रीच्या गॅरेजात एका म्हाताऱ्या डिझेल गाडीचं इंजिन उघडून ठेवलं होतं. पिस्टनभोवतीच्या जुन्या रिंगा झिजल्याने गाडी नुसता धूर ओकायची. नव्या रिंगा जमल्या तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात, असं मिस्त्री बोलून गेला आणि तेव्हापासून पिस्टनचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मिस्त्रीने एका जागी चिरलेल्या दोन नव्या रिंगा आणल्या आणि एकेक करून सिलिंडरमध्ये बसवून पाहिल्या. पहिलीची दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट चिकटली. दुसरीच्या टोकांमध्ये केसभर फट राहिली.

"काका, पहिलीच बरी हो!" पिस्टन सिलिंडरला म्हणाला. "दुसरीत आत्ताच फट, पुढे काय व्हायचं?"

"उगाच फटीच्या नावाने खडे फोडू नकोस. पहिलीला विचार, तापल्यावर फुगशील तेव्हा कुठे मावशील?"

"मी? मी तापतच नाही," पहिली नाक उडवून म्हणाली.

या इंजिनात न तापणारं कुणी पिस्टनने आजवर पाहिलं नव्हतं. ही फुगली की सिलिंडरला ओरबाडत जागीच अडकणार, आणि आपल्यालाही अडकवणार!

"आणि तू गं?" त्याने भीतभीत दुसरीला विचारलं.

"मी तापते तर! म्हणून तर थोडी जागा सोडून बसते."

मिस्त्रीने दुसरीच्या फटीत मापाची पातळ पाती सरकवून पाहिली, मान डोलावली आणि पिस्टनच्या, रिंग बसायच्या खाचेतली काजळी खरवडायला घेतली.

"नीट काढा हो मिस्त्री," पिस्टन पुटपुटला, "तिला जागा लागते."