गैनूने व्हॅनला क्रूझ बसवलं

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं की लिंबाचं पान हलत नव्हतं. कावळे चोच उघडी टाकून बसले होते. गावातली कुत्री ओळीने रांजणाच्या सावलीत पडली होती, आणि सावली सरकली की कुत्रीही सरकत होती. अशा भर दुपारी खोलवडी गावात फक्त एक माणूस घाम गाळत होता. तो म्हणजे गैनू. भोळा होता. इतका भोळा की सांगाल ते करायचा, आणि सांगाल तेवढंच करायचा.

गैनूकडे एक जुनी व्हॅन होती. तिच्यातून तो बाजारची माणसं ने-आण करायचा. गाडी जुनी, तिची रेस, म्हणजे वेगाची पट्टी, दगडासारखी घट्ट. लांबच्या रस्त्याला ती दाबून दाबून गैनूचा उजवा पाय आखडायचा, आणि उतरला की तो घटकाभर लंगडायचा.

आता यात काय मोठंसं? पण झालं असं, की गैनू पिंपरणीला मुलगी बघायला गेला. गेला आपलीच व्हॅन घेऊन, आणि उतरला तो लंगडतच. मुलीचं नाव कलावती. बापाचा ट्रॅक्टर स्वतः चालवायची. तिला गैनू आवडला. म्हणाली, "हसरा आहे, चालेल." पण तिचे वडील भिकाजीअण्णा पायाकडेच बघत राहिले.

"पायात दोष आहे आणि तुम्ही लपवताय," ते म्हणाले.

"दोष गाडीत हाय, पायात न्हाई," गैनूची आई धुरपाबाई म्हणाली.

"ते लग्नादिवशी दिसेलच. नवरदेव सरळ चालत बोहल्यावर आला तर अक्षता पडतील. लंगडत आला तर वरात आल्या वाटेने परत."

झालं. धुरपाबाई भेटेल त्याला तोड विचारत सुटली. शेवटी तालुक्याच्या इसाक मिस्तरीने तोड काढली.

"गैनू, गाडीला क्रूझ बसवू. नव्या गाड्यांना आतूनच येतं, जुनीला बाहेरून बसवावं लागतं. रस्ता सरळ असला की पाहिजे तेवढा वेग धरायचा, बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. गाडी आपोआप त्याच वेगाने जाते. वेग कमी-जास्त करायचा तोही बटणानेच. ब्रेकला पाय लावला की सुटतं."

"पाय आखडणार न्हाई?"

"पायाला कामच नाही, आखडेल कशाला? उद्या ये. मला गाडीखाली शिरायचंय, तेव्हा येताना गाडी रिकामी करून आण. नीट गाठ मारून ठेव."

गैनूने खांद्यावरच्या टॉवेलला गाठ मारली.

म्हणून तो त्या उन्हात घाम गाळत होता. गाडी रिकामी करत होता. आधी त्याने मागच्या सीटा काढल्या. मग डिझेल काढून घागरीत ओतलं. रेडिएटरचं पाणी काढून झाडाला घातलं. मग चारी चाकांची हवा सोडली. हवा फुस्स करून गेली तेव्हा त्याला बरं वाटलं. आता कशी, अगदी रिकामी! मग त्याने शेजारची बैलजोडी मागून आणली, गाडीला जुंपली आणि फरफटत तालुक्याला नेली.

इसाक मिस्तरीने व्हॅनकडे बघितलं, बैलांकडे बघितलं, आणि हातातला पाना खाली ठेवला.

"गैनू, हे काय?"

"रिकामी केली. पार हवासुद्धा ठेवली न्हाई."

"अरे, माझ्या राजा! जे गाडीच्या आत असतं ते आतच राहू द्यायचं! काही झालं तरी बाहेर काढायचं नाही!"

"हे आधी सांगायचं न्हाई का," असं म्हणून गैनूने टॉवेलला दुसरी गाठ मारली.

मिस्तरीने डिझेल घातलं, पाणी घातलं, हवा भरली, बैल सोडून घराच्या वाटेला लावले आणि म्हणाला, "आज माझं डोकं चालत नाही. उद्या ये."

परतताना वाटेत शेजारच्या शेवंताकाकू भेटल्या. बाजार करून उन्हात उभ्या होत्या. गैनूने त्यांना गाडीत घेतलं. घर आलं. काकू म्हणाल्या, "उघड दार, उतरू दे."

"जमायचं न्हाई, काकू."

"का रं?"

"जे आत असतं ते आतच राहू द्यायचं. मिस्तरीनं सांगितलंय."

"अरं, मी काय डिझेल हाय का?"

गैनूने विचार केला. मिस्तरीने डिझेलचंच असं काही म्हटलं नव्हतं. त्याने दार लावूनच ठेवलं. पण माणूस मनाचा मऊ. त्याने काकूंना खिडकीतून भाकरी दिली, पिठलं दिलं, वर तांब्याभर ताक दिलं. काकूंनी तेही संपवलं आणि मग अशा ओरडल्या की अर्धी आळी गोळा झाली. लोकांनी दार उघडलं.

उतरता उतरता काकू म्हणाल्या, "गैन्या, ध्यानात धर. कुणी हात वर केला की थांबायचं, दार उघडायचं आणि अदबीनं बोलायचं!"

"हे आधी सांगायचं न्हाई का," म्हणून गैनूने आणखी एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी इसाक मिस्तरीने काम हाती घेतलं. चाकं फिरवणाऱ्या दांड्याला चुंबक लावलं, त्याच्यासमोर वेग मोजणारी डबी बसवली. रेसच्या वायरला यंत्राची वायर जोडली. ब्रेकच्या पेडलला स्विच लावला. स्टिअरिंगजवळ बटण आलं. काम झकास झालं.

"जा, माळापर्यंत एक चक्कर मारून ये. मी चहा टाकतो."

चहा उकळला. चहा निवला. गैनू काही आला नाही. मिस्तरी घाबरला आणि सायकल काढून निघाला. बघतो तर काय, माळाच्या कडेला व्हॅन उभी, दार सताड उघडं, आणि गैनू शेताच्या बांधावर हात जोडून उभा. समोर ज्वारीत एक बुजगावणं. दोन्ही हात पसरलेले, डोक्यावर फुटकं मडकं.

"गैनू, इथं काय करतोयस?"

"हळू बोला," गैनू म्हणाला. "पाव्हण्यांनी हात केला म्हणून थांबलो. दार उघडलं, या बसा म्हणालो. पण पाव्हणं लई लाजरं हाय. मघापासनं एक शब्द बोलंना."

मिस्तरी मटकन बांधावर बसला. मग त्याने गैनूचे दोन्ही खांदे धरले.

"नीट ऐक. एकदा बटण दाबलं की कुणी हात करो, कुणी हाका मारो, लक्ष द्यायचं नाही. मांडी घालून बसायचं. हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि पाय कशाला लावायचा नाही. बाकी यंत्र बघतं!"

"यंत्र बघतं," गैनू म्हणाला. "हे आधी सांगायचं न्हाई का." आणि गाठ मारली.

घरी येतो तर धुरपाबाई लग्नाच्या खिरीसाठी दूध तापवत होती. "जरा बस इथं," ती म्हणाली. "मी गूळ घेऊन येते. दुधावर ध्यान ठेव."

गैनू चुलीपुढे मांडी घालून बसला. दोन्ही हात स्टिअरिंग धरावं तसे पुढे धरले. दूध तापलं. दूध फुगलं. दूध पातेल्याच्या काठावर आलं आणि भसकन चुलीत गेलं. गैनू हलला नाही. मांजर हललं. ते पुढे येऊन चाटायला लागलं.

धुरपाबाई गुळाची ढेप घेऊन दारातच थिजली. "गैन्या! दूध!"

"यंत्र बघतंय, आई."

"कसलं यंत्र आणि कसलं काय! अरं, वर यायला लागलं की चटकन खाली उतरवायचं, आणि वरनं फुंकर घालायची!"

"हे आधी सांगायचं न्हाई का."

लग्नाचा दिवस उजाडला. गैनूला मुंडावळ्या बांधल्या, खांद्यावर जरीचं उपरणं आलं. पण टॉवेलवरच्या गाठी सुटून चालणार नव्हत्या, म्हणून त्याने त्या सगळ्या उपरण्यावर नव्याने मारून घेतल्या होत्या. व्हॅन धुऊन पुसून, सीटा परत बसवून, फुलांच्या माळा लावून उभी. वऱ्हाड चढायला लागलं.

आधी गैनूचा मामा चढला. गैनूने त्याला बखोटीला धरून चटकन खाली उतरवलं आणि वरून फुंकर घातली. मामाचा फेटा उडाला. मग मावशी चढली. तिला उतरवलं, फुंकर घातली. शेवंताकाकू चढल्या, उतरवल्या. त्या मागच्या दाराने चढल्या, तर गैनू वळसा घालून गेला आणि तिथूनही उतरवल्या.

"मला न्यायचंय का न्हाई?" काकू ओरडल्या.

"न्यायचंय की. पण तुम्ही सारख्या वर येताय."

धुरपाबाईने कपाळावर हात मारला. "अरं, ही माणसं हायत, दूध न्हाई! माणसं आत घे, दार लाव, आणि मिस्तरीनं सांगितलंय तश्शी गाडी चालव. पाय आखडता कामा नये. आज पाय आखडला तर पोरगी गेली, बघ!"

ते मात्र गैनूला पटलं. त्याने माणसं आत घेतली, दार लावलं. सडक लागली, बटण दाबलं आणि मांडी घातली. व्हॅन अशी सुळसुळ निघाली की मामा म्हणाला, "आयला, विमानच की!" पाय मोकळा, वऱ्हाड खूश. पिंपरणीच्या वेशीजवळ पोरंबाळं दिसली तेव्हा गैनूने बटणानेच वेग उतरवून म्हशीच्या चालीवर आणला. पाय काही खाली घेतला नाही.

मांडव गावच्या मधल्या मैदानात होता, आणि रस्ता मैदानाला गोल वळसा घालून जात होता. सनई वाजली. भिकाजीअण्णा दोन्ही हात वर करून स्वागताला पुढे आले.

व्हॅन त्यांच्यासमोरून हळूच निघून गेली.

"अहो, नवरदेव! थांबा!"

"रामराम!" गैनू खिडकीतून म्हणाला. "यंत्र बघतंय!"

रस्ता गोल. व्हॅन पुन्हा आली. अण्णांनी पुन्हा हात वर केले. "रामराम!" व्हॅन पुन्हा गेली. मुहूर्ताची घटका भरत आली. भटजी म्हणाले, "वेळ टळली तर माझ्या हाती काही नाही," आणि त्यांनी मंगलाष्टकं सुरू केली. कलावतीचा मामा अंतरपाट घेऊन व्हॅनच्या बरोबरीने पळू लागला. व्हॅन मांडवापुढे आली की भटजी "सावधान" म्हणायचे आणि अख्खं गाव टपावर अक्षता फेकायचं. आतलं वऱ्हाड आतूनच टाळ्या वाजवायचं. वाजंत्रीवाल्यांना कळेना, नवरा आला म्हणून वाजवायचं का गेला म्हणून.

भिकाजीअण्णा लाल झाले. "बंद करा हे! वरात परत पाठवा!"

"परत पाठवायला आधी थांबायला तर पाहिजे," शेवंताकाकू खिडकीतून म्हणाल्या.

तेव्हा कलावतीने पदर खोचला. व्हॅन शेजारून जाताना तिने पुढचं दार उघडलं, उडी मारून आत बसली आणि गैनूच्या पुढून पाय घालून ब्रेक दाबला. व्हॅन गचका खाऊन मांडवाच्या दारातच बंद पडली. आतलं सगळं वऱ्हाड गैनूच्या मामाच्या अंगावर आलं.

कलावतीने नवऱ्याकडे बघितलं. तो हसत होता. तिलाही हसू आलं, पण तिने ते ओठात धरलं.

"इकडं बघा," ती म्हणाली. "मांडव दिसला की हे असं दाबायचं. गाडी थांबली की उतरायचं, आणि कुणाशी काही न बोलता सरळ बोहल्यावर येऊन उभं राहायचं. कळलं?"

"हे आधी सांगायचं न्हाई का," गैनू म्हणाला आणि गाठ मारली.

तो उतरला. सगळं गाव त्याच्या पायाकडे बघत होतं. गैनू चालला तो सरळ, ताठ, बांधावरून बगळा चालावा तसा. भिकाजीअण्णांनी दोनदा डोळे चोळले.

"पाय तर सरळ आहे," ते म्हणाले. "डोक्याचं मी काही बोललो नव्हतो, चूक माझीच."

अक्षता पडल्या. नवरा-नवरीची गाठ बांधायला भटजींनी उपरण्याचं टोक मागितलं, तर उपरण्याला मोकळं टोकच उरलं नव्हतं. शेवटी सदऱ्याला बांधून भागवलं.

जेवणं झाली. धुरपाबाई नव्या सुनेला ओवाळायची तयारी करायला वऱ्हाडाबरोबर यष्टीने पुढे गेली. मागून व्हॅनमध्ये गैनू, कलावती आणि सोबतीला शेवंताकाकू. काकूंनी बसतानाच सदऱ्याची गाठ सोडून दिली, म्हणाल्या, "पोरीला वारा तर लागू दे." सडक सरळ होती. गैनूने बटण दाबलं. कलावती बटणाकडे, पेडलांकडे, गैनूच्या मांडीकडे निरखून बघत होती. मधूनच हसत होती. सगळं कसं छान चाललं होतं.

आणि लग्नसराईचे दिवस ते. वाटेवरच्या एका गावात मांडव दिसला.

गैनूने पाय खाली सोडला. ब्रेक दाबला. गाडी थांबली. तो उतरला, आणि कुणाशी काही न बोलता सरळ बोहल्यावर जाऊन उभा राहिला.

मुंडावळ्या होत्याच. अंतरपाट धरलेला होता. पलीकडे एक नवरी खाली मान घालून उभी. अलीकडे मात्र आधीच एक नवरा उभा होता. त्याने गैनूकडे बघितलं. सगळ्या मांडवाने बघितलं.

नवरीचा मामा म्हणाला, "आपण कोण?"

"नवरा."

"मग हे कोण?"

गैनूने शेजारच्या नवऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग समजूतदारपणे एक पाऊल मागे सरकला.

"हे माझ्या आधी आलेत. यांचं होऊ दे. मी थांबतो."

भटजींना घाई होती. त्यांना अजून दोन लग्नं लावायची होती. त्यांनी "सावधान" म्हटलं, आणि अक्षता दोघांवरही पडल्या. गैनू हात जोडून आपली पाळी यायची वाट बघत राहिला.

तेवढ्यात बाहेर व्हॅन घुर्र करून सुरू झाली. लोकांच्या माना वळल्या. गैनूचीही वळली. व्हॅन मांडवापुढून सुळसुळ निघाली होती, आणि मागच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन शेवंताकाकू दोन्ही हातांनी बोलावत होत्या.

"गैन्या, पळत ये, बाबा! तुझी बायको गाडी घेऊन निघाली! बटण दाबलंय आणि मांडी घालून बसलीय! मी थांब म्हणते, तर म्हणते, यंत्र बघतंय!"