ओहोटीवर सोडलेलं पिंप

गोऱ्या साहेबाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. बंदराचा नियम मोठा कडक. आरकाट्याची, म्हणजे बंदराच्या वाटाड्याची, होडी वाट दाखवायला आल्याशिवाय बाहेरच्या आगबोटीने आत शिरायचं नाही, आणि आगबोटीवर आजाराचं पिवळं निशाण असेल, तर होडीनेही तिच्याजवळ जायचं नाही.

एकदा अशीच पिवळ्या निशाणाची आगबोट खाडीच्या तोंडाबाहेर येऊन थांबली. "होडीबाय, मला आत ने," ती म्हणाली. "पोटातली माणसं तापाने फणफणलीत, आणि प्यायला घोटभर पाणी नाही."

"निशाण उतरेपर्यंत मला बंदी आहे गे."

"मग मीच येते."

"वेडी की काय? मधे खडक आहेत. पोटातल्यांना घेऊन बुडशील."

आगबोटीने नांगर टाकला. तिच्या पोटात एक लेकरू पाण्यासाठी रडत होतं. ते ऐकून होडीच्या फळ्या कळवळल्या. आरकाट्याचं गोड्या पाण्याचं पिंप तिच्यात होतं. ओहोटी लागेपर्यंत तिने दम धरला आणि मग कुशीवर अशी कलली, की पिंप घरंगळून समुद्रात पडलं. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. पिंप डुलत डुलत आगबोटीपाशी गेलं आणि खलाशांनी ते दोरीने वर ओढलं.

पहाऱ्यावरची सरकारी लाँच फुसफुसत आली. "नियम मोडलास?"

"मी कुठे हलले? गेली ती ओहोटी."

"मोठी वकील लागून गेलीस."

एवढ्यात आगबोटीवरचं रडणं थांबलं. लाँच होडीच्या कुशीला येऊन लागली.

"माझ्याकडे दोन पिंपं आहेत," ती हळूच म्हणाली. "उद्या ओहोटी कधी लागते गं?"